भिंतीवरच्या डब्याला काय दिसतं

माझगावात नेट जोडायला गेलो की पहिला प्रश्न स्पीडचा असतो आणि दुसरा पैशांचा. तिसरा प्रश्न चारचौघांत कुणी विचारत नाही. मी स्टुलावर उभा राहून ड्रिल मारत असतो, आई चहा टाकायला आत गेलेली असते, तेवढ्यात बारावीतला मुलगा स्टूल धरायच्या निमित्ताने जवळ येतो. "दादा, आपण काय बघतो ते पप्पांना दिसतं का?" काम आटोपून खाली उतरलो की जिन्यात पप्पा गाठतात. "याचं सगळं आपल्याला बघता येईल ना?" कधीकधी दोघांच्याही मनात आणखी एक प्रश्न असतो, तो डोळ्यांत दिसतो: आणि तुला? तुला काय काय दिसतं?

केबल टीव्हीच्या काळात मी वायर ओढायला लागलो. मग काही वर्षं सायबर कॅफे, मग गच्च्यांवरून नेलेलं लॅनचं नेट, आता फायबर. ताडवाडीच्या बीआयटी चाळी, म्हातारपाखाडीतली लाकडी जिन्यांची जुनी घरं, डॉकयार्ड रोडच्या बाजूला उठलेले टॉवर, सगळीकडे माझी वायर कधी ना कधी गेली आहे. त्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर या वर्षांत इतक्या वेळा बदललं की कधीकधी मलाच थांबून विचार करावा लागतो.

कॅफेच्या दिवसांत उत्तर सोपं होतं: सगळं दिसतं. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, पण आमच्या भागात ते पोचलं ते कॅफेंमधून, तासाच्या भाड्याने. जहाजावर नोकरी शोधणारी मुलं एजंटला बायोडेटा पाठवायला यायची. दहावी-बारावीच्या निकालाला जिन्यापर्यंत रांग लागायची. लग्न ठरलेल्या मुली हेडफोन लावून गल्फमधल्या नवऱ्याशी चॅट करायच्या. माझ्या काउंटरवरच्या मशीनमध्ये एक सॉफ्टवेअर होतं. कोण किती मिनिटं बसलं हे मोजायला ते घेतलेलं, पण त्यात प्रत्येक स्क्रीनचं छोटं चित्रही दिसायचं. माणसं याहूवर लॉगइन करून तशीच उठून जायची, मी जाऊन लॉगआउट करायचो. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम काढले. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं, केबिनची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, आणि कोणत्या साइट उघडल्या त्याची नोंद वर्षभर सांभाळायची. म्हणजे आम्ही बघणं हे कायद्याचं कामच झालं. तोवर कॅफेवाले दुकानं झेरॉक्सकडे आणि मोबाइल रिचार्जकडे वळवत होते, ती गोष्ट वेगळी.

गच्चीवरच्या लॅनची मजा आताच्या पोरांना सांगून पटत नाही. एका इमारतीवर हब, तिथून दुसऱ्या इमारतीवर वायर, तिथून तिसऱ्या. पावसाळ्यात वीज कडाडली की सकाळी निम्मे पोर्ट मेलेले. स्वस्तातला हब आलेली प्रत्येक गोष्ट सगळ्या तारांवर ओतायचा. कुणा हुशार मुलाने इंटरनेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं की शेजारच्या विंगेतला माणूस काय वाचतोय ते त्याच्या मशीनवर धावायला लागायचं. पण तेवढी हुशारीही लागत नसे. विंडोजमधलं 'नेटवर्क नेबरहूड' उघडलं की अख्ख्या वाडीचे कॉम्प्युटर नावानिशी समोर. ज्याने आपली डी ड्राइव्ह शेअर करून ठेवलेली, त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो, गाणी आणि जे असायला नको तेही दहा घरांत. हबच्या जागी घराघराला वेगळं ठेवणारे स्विच आले तेव्हा हा प्रकार कमी झाला. त्याबद्दल कुणी आमचे आभार मानले नाहीत. उलट तक्रारी आल्या की नेटवर्कवर आता गाणी मिळत नाहीत.

मग आलं २००८. त्या वर्षाआधी वायफायला पासवर्ड लावणं म्हणजे कंजूषपणा मानत. २६ जुलैला अहमदाबादमध्ये स्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटं आधी जो ईमेल गेला, त्याचा माग काढत पोलीस सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचले. तिथे एक अमेरिकन कुटुंब राहत होतं, त्यांचं वायफाय उघडं होतं, आणि मेल त्यावरून दुसऱ्याच कुणी तरी पाठवला होता. तसाच एक मेल ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. पुढच्या वर्षी जानेवारीत मुंबई पोलीस रस्त्यांवरून फिरून उघडी वायफाय शोधणार अशी बातमी आली आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याचे आदेश काढले.

त्या महिन्यांत मला जेवायला फुरसत नव्हती. माझगाव ते घोडपदेव, दिवसभर फक्त पासवर्ड टाकत फिरायचं. आणि प्रश्न उलटा झाला होता. आधी पाहुणा घाबरायचा, मालकाला काय दिसेल म्हणून. आता मालक घाबरत होता, पाहुण्याने काय केलं ते आपल्या नावावर लागेल म्हणून. दुसरी भीती जास्त खरी होती, हे मी आजही म्हणतो. पोलिसांच्या हाती येतो तो आयपी नंबर आणि वेळ, आणि त्या नंबरवर नाव असतं बिल भरणाऱ्याचं. हे पासवर्ड मग माणसांनी कालनिर्णयच्या मागे लिहिले, फ्रिजवर चिकटवले, वॉचमनला सांगितले. पण निदान रस्त्यावरच्या गाडीत बसलेल्याला ते माहीत नव्हते.

खरा बदल मात्र माझ्या स्टुलाच्या खूप वर झाला आणि तो मला हळूहळू कळला. आधी साइट आणि तुमचं मशीन यांच्यातलं बोलणं उघडं असायचं. मधल्या कुठल्याही डब्याला ते वाचता यायचं. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचा एक छोटा प्रोग्रॅम निघाला. उघड्या वायफायवर बसून एका क्लिकमध्ये शेजारच्याच्या फेसबुकमध्ये शिरता येत होतं. ते बनवणाऱ्याला हेच दाखवायचं होतं, की मोठ्या कंपन्या कुलूप लावत नाहीत. जीमेलने त्याच वर्षी जानेवारीत कुलूप सगळ्यांना लावलं होतं, फेसबुकने ते २०१३ मध्ये केलं. व्हॉट्सॲपचे मेसेज एप्रिल २०१६ पासून एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत पूर्ण बंद पाकिटात जायला लागले. जुलै २०१८ पासून गुगलचं क्रोम कुलूप नसलेल्या प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारायला लागलं, आणि ते बघून शाळा-पतपेढ्यांच्या साइटवाल्यांनीही एचटीटीपीएसचं कुलूप लावून घेतलं.

माझ्या बाजूला हे कसं दिसलं? एकेकाळी लाइन तपासताना शब्द दिसायचे. नंतर नुसता कचरा दिसायला लागला. उरल्या त्या चार-पाच गोष्टी: कोणता फोन, कधी जोडला, कोणत्या साइटच्या नावाला हाक मारली, किती डेटा आला-गेला. मी लोकांना समजावतो ते भाऊच्या धक्क्याच्या हिशेबात. फाटकावरच्या माणसाला दिसतं की तुम्ही रेवसच्या लाँचमध्ये चढलात की मोराच्या, किती वाजता चढलात, हातात पिशवी केवढी होती. पलीकडे उतरून कुणाकडे गेलात आणि काय बोललात हे त्याला दिसत नाही. तुमचा राउटर म्हणजे तो फाटकावरचा माणूस. यूट्यूब उघडलंत हे कळेल, कोणता व्हिडिओ ते नाही. गुगलवर गेलात हे कळेल, काय शोधलंत ते नाही. बँकेची साइट कळेल, पासवर्ड आणि शिल्लक नाही.

आणि बहुतेक घरांतला फाटकावरचा माणूस झोपलेलाच असतो. कंपनीकडून येणारा हजार-दोन हजारांचा डबा कोण कोण जोडलंय ते दाखवतो, फार तर थोडी नोंद ठेवतो. लाइट गेली की बहुतेकांतली तीही जाते. त्याला जागं करायचं तर वेगळं सामान लागतं, किंवा जरा कळणारा माणूस लागतो. पण करायचंच ठरवलं तर साइटचं नाव पकडता येतं. नाव विचारायची पहिली चिठ्ठी, जिला आम्ही डीएनएस म्हणतो, पुष्कळ घरांत अजून उघडीच जाते. अँड्रॉइडमध्ये २०१८ पासून 'प्रायव्हेट डीएनएस'ची सोय आहे, ती लावली तर ती चिठ्ठी झाकली जाते. तरी कुलूपबंद बोलणं सुरू होतानाच्या पहिल्या हाकेत साइटचं नाव बहुतेकदा उघडं राहतंच. तेही झाकायची नवी पद्धत आली आहे, पण ती सगळीकडे पोचलेली नाही.

'इन्कॉग्निटो'वर मुलांचा जो विश्वास आहे तो मी अजून मोडू शकलेलो नाही. त्या काळ्या खिडकीने फक्त तुमच्याच फोनमध्ये हिस्टरी उरत नाही. राउटरला, कंपनीला, साइटला जे दिसायचं ते दिसतंच. क्रोम त्याच खिडकीत तसं लिहूनही दाखवतं. कोण वाचतो.

इथवरचं कुठलाही माहीतगार सांगेल. धंद्याने जे शिकवलं ते याच्या पुढचं आहे.

एका गृहस्थांनी मला बोलावलं. निवृत्त, सज्जन, पान खायचे नाहीत, कुणाला एकेरी बोलायचे नाहीत. मुलगी कॉलेजात होती. त्यांना राउटरच्या पानावर दिसलं होतं की तिचा फोन रात्री अडीच वाजता भरपूर डेटा खातो. रोज. त्यांनी ते वहीत तारखेनिशी उतरवून ठेवलं होतं. घरात तीन आठवडे बोलणं बंद. मी विचारलं, फोन चार्जिंगला कधी लावते? रात्री झोपताना. तिचे फोटो आपोआप गुगलवर चढत होते, ॲप अपडेट होत होते. फोन चार्जिंगला असला आणि वायफाय मिळालं की हे सगळं रात्री उरकून घेतो. मी त्यांना त्यांच्याच फोनची तीच वेळ दाखवली, तोही अडीचला जागा होता. ते "अस्सं" म्हणाले. वही मात्र त्यांनी ठेवून दिली, फाडली नाही.

तेव्हापासून मी म्हणतो की सगळं दिसण्यापेक्षा अर्धं दिसणं जास्त वाईट. कॅफेच्या काळात सगळं दिसायचं, त्यामुळे गैरसमजाला जागा कमी होती. आता नावं दिसतात आणि त्या नावांमधल्या फटी माणूस आपल्या संशयाने भरतो. त्यात फोन उघडायच्या आधीच शंभर ठिकाणी हाका मारत असतो: जाहिरातवाले, मोजणीवाले, हवामानवाले. एखादं वेडंवाकडं नाव यादीत आलं म्हणजे तुमच्या मुलाने ती साइट उघडली असं नाही. एखाद्या बातमीच्या पानाच्या कोपऱ्यातल्या जाहिरातीनेही ते नाव येतं.

दुसरी गोष्ट एका वहिनींची. राउटर बदलायला गेलो होतो, नवरा कामावर. त्यांनी आधी दार नीट लोटलं, मग विचारलं की त्यांनी वकिलाची आणि बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेची साइट बघितली तर 'यांना' कळेल का. अशा वेळी मला उगाच धीर देता येत नाही. मी म्हटलं, आत काय वाचलंत ते नाही कळणार, पण साइटचं नाव कळू शकतं, आणि अशा साइटचं नावच सगळं सांगतं. म्हणून हे घरच्या वायफायवर नको, मोबाइलच्या डेटावर बघा. मग मी त्यांचा फोन हातात घेतला आणि खरी गोची तिथे निघाली. फोन घेताना दुकानदाराने नवऱ्याचाच जीमेल टाकून दिला होता. त्यांनी गुगलवर जे शोधलं होतं ते नवऱ्याच्या खात्यात जमा होत होतं. त्याला राउटरच्या वाटेला जायची गरजच नव्हती, स्वतःच्या फोनवर आपल्या खात्यातल्या नोंदी उघडल्या असत्या की झालं.

हे मी त्यानंतर घराघरांत बघितलं. घरात एकच जीमेल, तोच सगळ्यांच्या फोनवर आणि टीव्हीवरही. मुलगा बाथरूममध्ये बसून जे बघतो ते रात्री जेवताना टीव्हीच्या यूट्यूबवर 'पुन्हा बघा' म्हणून पहिल्या रांगेत येतं, आजीच्या कीर्तनाच्या शेजारी. माणसं मला वायफायमधून काय गळतं ते विचारतात, आणि गळती असते खात्यातून, फोनच्या हिस्टरीतून, लॉक न लावलेल्या स्क्रीनमधून. मी आता नेट जोडायला गेलो की वायरीआधी हे विचारतो: या फोनमध्ये खातं कुणाचं आहे? काही घरांत हा प्रश्न आवडत नाही.

ऑफिसचं प्रकरण वेगळं. माझगाव कोर्टाच्या आसपास वकिलांची, सीएंची, शिपिंगवाल्यांची ऑफिसं आहेत, तिथेही आम्ही काम करतो. लॅपटॉप कंपनीचा असेल आणि त्यात कंपनीने स्वतःचं सर्टिफिकेट घालून ठेवलं असेल तर मधला डबा कुलूप उघडून, वाचून, परत लावू शकतो. तिथे माझा धक्क्याचा हिशेब चालत नाही. पिशवी उघडून बघितली जाते. कंपनीच्या मशीनवर खाजगी काही करू नये, एवढं साधं आहे ते. पोरं मात्र ऑफिसच्या लॅपटॉपवरून दुसऱ्या नोकरीचे अर्ज भरतात.

मला स्वतःला काय दिसतं, याचं उत्तर देणं बाकी आहे. नेट देणाऱ्या कंपनीला परवान्याच्या अटींप्रमाणे कुणाला कधी कोणता आयपी दिला याच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि डिसेंबर २०२१ पासून ही मुदत दोन वर्षांची आहे. आता एकाच आयपीमागे पुष्कळ घरं असतात, म्हणून नुसत्या नंबरवर भागत नाही, नेमकी वेळ आणि पोर्टही लागतो. पोलिसांचं पत्र कंपनीकडे येतं, मग फोन आमच्याकडे: हे कनेक्शन कुठल्या खोलीत आहे? मी पत्ता सांगतो. त्या खोलीत काय बघितलं गेलं हे मला माहीत नसतं आणि मला ते माहीत नाही याचा आता आनंदच वाटतो. व्हीपीएन लावलं की मला आणि तुमच्या राउटरला फक्त एकच लांबचं ठिकाण दिसतं, हे खरं. पण मग तुमची सगळी यादी व्हीपीएनवाल्याकडे जाते. २८ एप्रिल २०२२ ला सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा त्यातल्या काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून नेले. फुकटची व्हीपीएनं पोरं वापरतात, मी विचारतो, त्याचं भाडं कोण भरतं?

नोंद घराबाहेरच्या वायफायवरही होते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेलटेलचं फुकट वायफाय सुरू झालं तेव्हा आमच्या इथली मुलं अभ्यासाच्या नावाने प्लॅटफॉर्मवर जाऊन बसायची. तिथे आधी मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी टाकायचा. म्हणजे घरच्या राउटरला जे फोनचं नाव म्हणून दिसतं, ते तिथे तुमच्या नंबरला बांधलं जातं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि शेजाऱ्याचा पासवर्ड मागायची लाजही गेली, गरजही गेली.

ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण माणूस घरगुती कारणासाठी जी माहिती हाताळतो तिला तो कायदा लागू नाही, असं त्यातच लिहिलंय. म्हणजे बाप, नवरा, सासू यांच्यापुढे कायदा दारातच थांबतो. आत उरतो तो आमच्यासारखा वायरवाला, ज्याला घरातला एक माणूस दुसऱ्याबद्दल विचारतो. मी माझा नियम ठरवून टाकला: ज्याच्याबद्दल बघायचं त्याला समोर बसवा, मग राउटरचं पान उघडतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी काही साइट बंद करायच्या असतील तर खुशाल करून देतो, तेही मुलाला सांगून. यामुळे थोडी गिऱ्हाइकं गेली. राउटरच्या मागच्या स्टिकरवरचा ॲडमिनचा पासवर्डही मी पहिल्या दिवशीच बदलतो आणि बिल भरणाऱ्याच्या हातात देतो. तो तसाच ठेवला तर वायफायचा पासवर्ड माहीत असलेला कुठलाही पाहुणा मालक होऊन बसतो.

नेसबिट रोडच्या बाजूला एका घरमालकाने खोल्या जहाजावर जाणाऱ्या मुलांना दिल्या आहेत. कोर्ससाठी येतात, सहा-आठ महिने राहतात. त्याला त्यांची 'पूर्ण नोंद' हवी होती. आपल्या नावावर काही लागू नये म्हणून, असं तो म्हणाला, आणि ती भीती खोटी नव्हती. मी म्हटलं, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करून देतो, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, कोण कधी जोडलं होतं एवढं तुमच्याकडे राहील, आणि नोंद ठेवता हे मुलांना लिहून सांगा. त्याला ते पुरेसं वाटलं नाही. दुसऱ्या माणसाकडून त्याने एक डबा बसवून घेतला. काही दिवसांनी फोन आला, नेट फार स्लो झालंय, येऊन जा. गेलो. डब्याने पानंच्या पानं भरून ठेवली होती: गुगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, जाहिरातींची नावं, परत गुगल. तो चष्मा वर करून मला म्हणाला, "यातलं वाचायचं काय?"

डबा काढला, वेगळं नेटवर्क केलं. नोंदीचा कागद त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून मीटरच्या पेटीजवळ लावला. मुलांनी तो वाचला आणि त्याच संध्याकाळी सगळे मोबाइलच्या डेटावर गेले. वायफायचं बिल तो अजून भरतोय, क्रिकेटच्या मॅचपुरतं ती मुलं ते वापरतात.